एक्सटर्नल हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा बंद पडते : आधी काय तपासायचं आणि पुढचा बॅकअप कशावर घ्यायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. लॅपटॉप भरला म्हणून दहा-बारा वर्षांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, घराची कागदपत्रं एक टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर हलवली आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. वर्षाभराने लावली तर ती दिसतच नाही, किंवा दिसते पण विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. दुकानातून थोडाफार डेटा परत मिळवला, नवी डिस्क घेतली, आणि दोन-तीन वर्षांनी तिचीही तीच गत. मग विचारणा होते, कोणत्या कंपनीची डिस्क टिकते?

उत्तर कंपनीच्या नावात नाही. हार्ड डिस्क असो, एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी, प्रत्येक वस्तू कधीतरी जाणारच, आणि कधी जाईल हे आधी सांगता येत नाही. खरा घोळ असा, की लॅपटॉपवरचे फोटो काढून टाकले त्या क्षणी डिस्कवरची प्रत बॅकअप राहिली नाही, ती एकुलती एक प्रत झाली. तीही वर्षभर कुणी उघडून पाहिली नाही. या दोन गोष्टी बदलल्या तर साध्या, मध्यम किमतीच्या डिस्कवरही डेटा वीस-तीस वर्षं सांभाळता येतो.

पण सध्या डिस्क अडकलेली असेल तर आधी तिच्याकडे पाहू.

डिस्क आत्ता उघडत नाही

फॉरमॅट करायचं का, असं विचारलं की कॅन्सल. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी खिडकी) उघडल्यावर ‘इनिशिअलाइझ डिस्क’ अशी खिडकी आली, तर तिथेही कॅन्सल. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क तर मुळीच चालवू नका. ते फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदवहीची, घडी बसवण्यासाठी आहे, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. खराब सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवायचे बारीक कप्पे) असलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास तबकडी वाचणारं हेड पळवत राहतं आणि न जुळणाऱ्या नोंदी सरळ कापून टाकतं. डेटा गमावण्याच्या कितीतरी प्रकरणांत मूळ बिघाड किरकोळ असतो आणि खरं नुकसान या तीन बटणांपैकी एकाने झालेलं असतं.

डिस्क टेबलावर सपाट ठेवा, केबल जोडा आणि कान जवळ न्या. बारीक, एकसारखी घरघर आणि बोटाला हलकी थरथर जाणवली तर मोटर फिरते आहे; दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा फाइल सिस्टिममध्ये असण्याची शक्यता मोठी. नुसता बारीक बीप-बीप आवाज येतो आणि थरथर नाही, तर मोटर अडकली आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही. ठरावीक अंतराने टक्‌-टक्‌-टक्‌ होऊन डिस्क थांबते, तर हेड तबकडी वाचू शकत नाही. वीज कमी पडली तरी बीप आणि टक्‌टक्‌ ऐकू येते, म्हणून एकदाच, फक्त एकदाच, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. तरीही तोच आवाज आला तर केबल काढा आणि पुन्हा लावू नका. बिघडलेलं हेड प्रत्येक वेळी तबकडीवरचा थर खरवडत जातं, आणि एकदा खरवडलेला थर डेटा परत मिळवून देणारी कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

केबलचा संशय आधी घ्यायचा तो का, हे त्या पोर्टकडे पाहिलं की कळतं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कवर अजून रुंद, चपटं मायक्रो-बी पोर्ट असतं. त्याचे शेजारी-शेजारी दोन भाग असतात: एका भागात यूएसबी २च्या पाच पट्ट्या, दुसऱ्यात यूएसबी ३च्या जादा पाच. पिन रोज काढ-घाल करून सैल झाली की आधी दुसऱ्या भागाचा संपर्क जातो. डिस्क चालू राहते, पण सेकंदाला शंभरेक एमबीने होणारी कॉपी तीस-चाळीसवर येते. वेग असा अचानक पडला की केबल बदलायची, ‘डिस्क जुनी झाली’ म्हणून सोडून द्यायचं नाही. केबलला बोट लागताच दिवा लुकलुकत असेल तर त्याच अवस्थेत लिहिणं चालू ठेवणं म्हणजे फाइल सिस्टिम मोडायला आमंत्रण.

विजेचं गणितही असंच. यूएसबी २ पोर्टला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देणं बंधनकारक, यूएसबी ३ला ९००. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास मागते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला आत लांब वायर असते आणि स्वस्त हबमध्ये एकच वीज चार ठिकाणी वाटली जाते; दोन्हीकडे डिस्क फिरता फिरता बंद पडू शकते. डेस्कटॉपचं मागचं पोर्ट वापरा, लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा, केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. कॉपी चालू असतानाच डिस्क मध्येच गायब होत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून पाहावं.

आता डिस्क मॅनेजमेंट. डिस्कचा आकार बरोबर दिसतो आणि ‘हेल्दी’ असं लिहिलेलं आहे, फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही, तर उजवी क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. आकार बरोबर पण फाइल सिस्टिम ‘रॉ’ दिसते, म्हणजे फाइलींची यादी मोडली आहे, फाइली बहुधा जागेवर आहेत. आकार शून्य किंवा भलताच दिसतो, तर डिस्कच्या आतल्या कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या चिपचा) किंवा फर्मवेअरचा (त्या चिपमधल्या प्रोग्रॅमचा) दोष आहे आणि तिथे घरचं काम संपतं.

डिस्क फिरते आणि आकार बरोबर आहे, अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम लावून स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, वाचा. त्यात बघायच्या ओळी मोजक्या आहेत: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे अजिबात न सुधारलेले. तिन्ही शून्य असावेत. ०५ मध्ये थोडे आकडे असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहत असतील तर डिस्क कमी महत्त्वाच्या कामाला चालेल. सी५ वाढत असेल तर आजच प्रत काढा. इथे एक गोष्ट अनेकांना घाबरवते: हा प्रोग्रॅम कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायावर) दाखवतो. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या वाटेने जाऊन दशमान निवडा, मगच आकडे वाचा. शिवाय सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे येतात. ते त्या कंपनीच्या मोजणीच्या पद्धतीमुळे, बिघाडामुळे नव्हे.

सी५ किंवा सी६ शून्याहून जास्त असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर एक्सप्लोररमधून फोल्डर ओढत बसू नका. विंडोज एका खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, डिस्क तापते, आणि चांगला भाग वाचण्याआधीच ती मान टाकते. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून) जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवावा. ते आधी वाचता येणारा सगळा भाग एका इमेज फाइलमध्ये, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब नकलेत, उतरवून घेतं, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये नोंदवतं आणि शेवटी फक्त त्या जागांवर परत येतं. मॅप फाइल देणं विसरू नका, कारण वीज गेली तर तिच्यामुळेच काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. इमेज ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी, निरोगी डिस्क लागते. मग फाइली शोधण्याचं पुढचं सगळं काम त्या इमेजवर: विभाजन (पार्टिशन) हरवलं असेल तर टेस्टडिस्क, फाइलींची यादीच गेली असेल तर फोटोरेक. फोटोरेक फोटो शोधून देतं, पण मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, हे आधीच धरून चला. मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर परत लिहायच्या नाहीत.

दोन घरगुती उपाय अजून फिरत असतात, ते टाळा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली तर बाहेर काढताच आत दव धरतं. तशाच मॉडेलचा सर्किट बोर्ड बाजारातून आणून बसवला तरी सहसा भागत नाही, कारण त्या एकाच डिस्कसाठी जुळवलेल्या नोंदी मूळ बोर्डवरच्या चिपमध्ये असतात. पोर्टेबल डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क लॅपटॉपला जोडायची कल्पनाही पुष्कळदा फसते. बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतं, साटा, म्हणजे संगणकाच्या आत डिस्क जोडायची जोडणी, नसतेच. काहींत तो बोर्ड पासवर्ड नसतानाही डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो.

मग पुन्हा पुन्हा असं का होतं

पडणं, तेही चालू असताना, हे पहिलं कारण. टेबलाच्या कडेला लोंबकळणारी केबल पायात अडकते आणि हेड फिरत्या तबकडीवर आदळतं. दुसरं, लिहिणं चालू असताना वीज जाणं किंवा केबल ओढणं. इथे फाइल सिस्टिमची निवड मदतीला येते. दुकानातून येणाऱ्या बऱ्याच डिस्क एक्सफॅटमध्ये असतात, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतात, पण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंद, नसते. अर्धवट राहिलेली नोंद सावरायची सोय नाही. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस करून घ्या. मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही, एवढं लक्षात ठेवा. फॅट३२ नकोच, ४ जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ त्यावर मावत नाही.

तिसरं कारण डिस्कच्या बाहेरचं आहे. फुकटात उतरवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरसोबत खंडणी मागणारा व्हायरस येतो आणि त्या वेळी संगणकाला जोडलेलं सगळं कुलूपबंद करतो, बॅकअपची डिस्कसुद्धा. म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क ही सोय आहे, संरक्षण नाही. हेच घरच्या नॅसमधल्या (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या पेटीतल्या) जोडडिस्कबद्दल. रेड, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय, एका डिस्कचं मरण झेलते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

आणि वॉरंटीचा गैरसमज. तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे तीन वर्षांत बिघडली तर दुसरी डिस्क मिळेल. डेटा त्या कागदात कुठेच नसतो.

कशावर ठेवायचं

पाचशे जीबी ते चार टीबी एवढ्या घरगुती पसाऱ्याला आजही साधी फिरती हार्ड डिस्क सगळ्यांत योग्य. ती मरण्याआधी बऱ्याचदा इशारा देते, मेल्यावरही लॅबमध्ये काहीतरी हाती लागतं, आणि दर जीबीमागे सर्वांत स्वस्त पडते. जागा असेल तर साडेतीन इंची, वेगळ्या ॲडॉप्टरवर चालणारी घ्या. विजेची ओढाताण होत नाही. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर फसवणूक झालेली नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने.

एसएसडी वेगवान आहे, पडली तरी सहसा काही होत नाही, रोजच्या कामाला उत्तमच. पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला ती चुकीची वस्तू. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे बारीकशा कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, ठरलेलं सगळं लेखन पूर्ण करून थकलेल्या ग्राहक एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते, हे खरं. पण तापमान दर पाच अंशांनी वाढलं की मुदत साधारण निम्मी होते, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतलं कपाट ३० अंशांवर राहत नाही. शिवाय एसएसडी जाते तेव्हा बहुधा न सांगता, एकदम जाते. वापरायचीच तर दर तीन-चार महिन्यांनी जोडून सगळ्या फाइली वाचून घ्याव्यात, नुसता दिवा लागला म्हणजे झालं असं नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्यात तीच मेमरी, बहुतेकदा हलक्या प्रतीची. फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, बॅकअप म्हणून मोजूच नका. ‘१६ टीबी’ असं लिहिलेल्या दोन-तीन हजारांच्या पोर्टेबल एसएसडी ऑनलाइन दिसतात, त्यांच्या आत छोटं मेमरी कार्ड आणि खोटा आकार सांगणारा कंट्रोलर असतो. जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर बसतात किंवा हवेत विरतात, पण नावं यादीत दिसत राहतात. कोणतीही नवी फ्लॅश वस्तू आणली की एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने, लिनक्सवर एफ३ या प्रोग्रॅमने, पूर्ण भरून परत वाचून पाहा. हार्ड डिस्क मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्यातल्या तापकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन. बिल घ्या, सिरीअल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख पाहा, आणि स्मार्टमधली ०९ ही ओळ, म्हणजे चाललेले तास, शून्याच्या आसपास आहे का ते बघा.

ऑप्टिकल डिस्कची (डीव्हीडी, ब्लू-रे यांची) बाजू आता लंगडी झाली आहे. साध्या डीव्हीडीतला सेंद्रिय रंग उन्हाने आणि दमट हवेने उतरतो. एम-डिस्क या खास प्रकारात अजैविक थर असल्यामुळे ती खरोखर टिकाऊ आहे, ४.७ जीबीपासून १०० जीबीपर्यंत मिळते. पण वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपमध्ये नसतो, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. वीस-तीस जीबीच्या निवडक फोटोंसाठी जादा प्रत म्हणून चालेल. एलटीओ ही चुंबकीय टेप संस्थांसाठी. नव्या ड्राइव्हची किंमतच लाखांत जाते.

क्लाउड ही दूरची प्रत म्हणून अतिशय मोलाची, एकमेव प्रत म्हणून धोक्याची. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो फोनवरून ‘डिलीट’ केला की तो क्लाउडमधूनही जातो, कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि संपतो. ‘फ्री अप स्पेस’ने फक्त फोनवरची प्रत जाते. हा फरक घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ला बंद झाली, आता जीमेल, ड्राइव्ह, फोटोज मिळून १५ जीबी, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल हटवू शकतं. वारलेल्या आई-वडिलांच्या खात्यातले फोटो असेच नाहीसे होतात. गुगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये विश्वासातल्या माणसाचा पत्ता आधीच घालून ठेवला तर ठरलेल्या महिन्यांनंतर डेटा त्याच्याकडे जातो. आणि पहिल्यांदा चढवताना धीर धरा: ५० एमबीपीएस अपलोडवर एक टीबी चढायला सलग ४४ तासांहून जास्त लागतात.

मांडणी

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम घरासाठीही पुरेसा आहे. लॅपटॉपवरची चालू प्रत पहिली. दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर. तिसरी क्लाउडवर, किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर जी बहिणीकडे, गावाकडे, ऑफिसच्या खणात राहते. मुलगा-मुलगी परदेशी असतील तर सुट्टीत आल्यावर एक डिस्क त्यांच्याबरोबर हातातल्या बॅगेतून पाठवा. २००५चा मुंबईचा पूर किंवा २०२१चा चिपळूणचा पूर आठवला की एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे दोन प्रती का नव्हेत ते सांगावं लागत नाही. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये एकसारखा दोष असू शकतो.

त्याआधी निवड करा. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअरचे सेटअप पुन्हा मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा आणि डिजिलॉकरमधली कागदपत्रं पुन्हा काढता येतात. पुन्हा मिळत नाहीत ते फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, हस्तलिखितांचे स्कॅन, हिशेबाच्या फाइली. एवढ्यालाच तीन प्रती लावल्या तर बहुतेक घरांचं काम एक टीबीत भागतं. आधार, खरेदीखत, बँकेचे कागद क्लाउडवर चढवण्याआधी क्रिप्टोमेटर या प्रोग्रॅमने किंवा सेव्हन-झिपच्या एईएस-२५६ एन्क्रिप्शनने कुलूपबंद करा, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, आपोआप चालू असते. मदरबोर्ड गेला तर आतली डिस्क ४८ आकडी रिकव्हरी की शिवाय उघडत नाही. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच छापून ठेवा.

कॉपीसाठी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं फ्रीफाइलसिंक सोपं आहे. त्यात ‘मिरर’ नको, ‘अपडेट’ निवडा. मिरर लॅपटॉपवर नसलेली प्रत्येक फाइल बॅकअपवरूनही पुसतं, म्हणजे चुकून उडवलेला फोल्डर पुढच्या आठवड्यात दोन्हीकडून गेलेला असतो. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा वापरणाऱ्यांनी एमआयआर हा पर्याय याच कारणाने टाळावा. बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राहाव्यात म्हणून डिलीटच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्जनिंग’ लावून एक वेगळा फोल्डर द्या. कॅमेऱ्याच्या कार्डावरून कट-पेस्ट कधीच नाही: कॉपी, पडताळणी, दुसरी कॉपी, आणि मग कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आकाराने लहान केलेले असतात आणि त्यांतली काढल्याची तारीख गेलेली असते, त्यामुळे नातेवाइकांकडून मूळ फोटो हवे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

पडताळणी, म्हणजे खरा बॅकअप

खालचा अर्धा भाग करडा झालेला फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. नाव बरोबर, आकार बरोबर, वरची अर्धी माणसं नीट, खाली सपाट करडा पट्टा. कॉपी अर्धवट राहिली किंवा मधला सेक्टर गेला, की असं होतं. छोटं थंबनेल फाइलीच्या सुरुवातीला वेगळं साठवलेलं असल्यामुळे फोल्डर वरवर पाहिला तर सगळं ठीक दिसतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

मूळ फाइली पक्क्या असतानाच प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) काढून ती यादी डेटाबरोबरच ठेवा. विंडोजवर ‘रॅपिडसीआरसी युनिकोड’ नावाचा प्रोग्रॅम पूर्ण फोल्डरची यादी एका फाइलीत करतो, लिनक्स आणि मॅकवर त्यासाठी आज्ञा आधीच असतात. मग दर सहा महिन्यांनी त्या यादीवरून डिस्क तपासून घ्या. एक टीबी भरलेल्या फिरत्या डिस्कला साधारण तीन तास लागतात; रात्री लावून ठेवता येतं. एखादी फाइल जुळली नाही तर ती दुसऱ्या प्रतीवरून आणा, पण त्याआधी दुसऱ्या प्रतीवरची फाइल यादीशी जुळते का ते पाहा. नुसत्या दोन प्रती एकमेकींशी ताडल्या तर फरक आहे एवढंच कळतं, खरी कोणती ते हॅशची यादी सांगते. या तपासणीचा दुसरा फायदा असा, की डिस्कचा प्रत्येक भरलेला सेक्टर वाचला जातो. कमजोर सेक्टर डिस्कच्या स्वतःच्या नजरेला येतात आणि सी५ची ओळ वेळेत हलते.

वर्षातून एकदा दुसऱ्याच संगणकावर डिस्क लावून पाच-दहा फाइली परत उतरवून, उघडून बघा. क्लाउडवरूनही.

पावसाळा आणि ठेवण्याची जागा

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बंद कपाटात चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, तीच दमट हवा कनेक्टरवर गंज चढवते. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, ती झिप पिशवीत, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळं किंवा नारिंगी, रंग बदलणारं जेल घ्या म्हणजे कधी संपलं ते दिसतं. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट नको, देवघराजवळ नको, फ्रीजवर नको. एसी खोलीतून बाहेर आणलेली थंड डिस्क लगेच लावू नका, तासभर पिशवीतच राहू द्या. पुराचं पाणी लागलेली डिस्क तांदळात ठेवून, वाळवून लावून पाहणं म्हणजे चिखलाचे कण तबकडीवर फिरवणं. ती न लावता, न उघडता थेट लॅबकडे न्यायची.

फाइल टिकली, अक्षरं गेली

मराठीत काम करणाऱ्यांना एक जादा अडचण आहे. २००८-१०पर्यंत आणि कित्येक छापखान्यांत त्यानंतरही मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप व्हायचा. ती अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी समाईक अक्षरव्यवस्था, नव्हेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर दिवाळी अंकाचा लेख उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो, आणि हॅश मात्र तंतोतंत जुळतो. पेजमेकरच्या फाइलींचं तर प्रोग्रॅमसकट सगळंच गेलं. अशा फाइलींच्या फोल्डरमध्ये तो फाँट ठेवा, जुना संगणक चालू आहे तोवर फाँट आत घालून पीडीएफ काढा, आणि मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून साध्या टेक्स्ट फाइलीतही ठेवा. रूपांतरात रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकतात, म्हणून पीडीएफ शेजारी ठेवून वाचून घ्यावं लागतं. जुन्या झिप प्रोग्रॅमांनी बांधलेल्या फाइलींत देवनागरी नावं बिघडतात. कायमच्या साठ्यासाठी झिप न करता उघडे फोल्डरच ठेवा.

डिस्क कधी बदलायची

सी५ हलला की लगेच. काहीच हललं नाही तरी पाचव्या वर्षी नवी डिस्क घ्यायची आणि हॅश पडताळून सगळं तिच्यावर उतरवायचं. दोन डिस्क असतील तर त्यांची खरेदी दोन-अडीच वर्षांच्या अंतराने पडेल असं जुळवा. डिस्कवर खरेदीचा महिना आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. जुनी, अजून चालणारी डिस्क जादा प्रत म्हणून राहू द्या. टाकूनच द्यायची असेल तर हार्ड डिस्कला ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या, त्यात प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहिली जातात, एसएसडीसाठी कंपनीच्याच प्रोग्रॅममधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. त्यानंतर भंगारवाल्याला नाही, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर.